संविधानातली नोंद 82 आधी वाचा

अर्थसंकल्प जवळ आला की तिकडून, भारतातून, इथे अमेरिकेत तोच मुद्दा येतो: आयकर ही इंग्रजांची तात्पुरती वसुली, संविधानात तिला आधार नाही, अमेरिकेनं निदान घटनादुरुस्ती तरी केली. चांगली शिकलेली माणसं हे लिहितात, याचा संताप येतो.

'तात्पुरती' एवढंच खरं, तेही इंग्रज सरकारचा अर्थखात्याचा प्रमुख जेम्स विल्सन याच्या 1860च्या कायद्यापुरतं. सत्तावन्नच्या उठावानंतर तिजोरीत खडखडाट होता, म्हणून पाच वर्षांसाठी 200 ते 500 रुपयांच्या उत्पन्नावर 2 टक्के, त्यापुढे 4 टक्के. 1865मध्ये तो संपला. आजच्या कराची घडण 1886च्या कायद्याची. शेतीचं उत्पन्न त्यानं वगळलं आणि तीच विभागणी 1935च्या भारत सरकार कायद्यातून आपल्या संविधानाच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्यांच्या अधिकारांच्या याद्यांत, आली. संघ सूचीतली नोंद 82 म्हणजे शेती सोडून इतर उत्पन्नावरचा कर. शेती उत्पन्नावरचा कर राज्य सूचीत, नोंद 46. शिवाय अनुच्छेद 265: कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लावता येत नाही, वसूलही करता येत नाही. अधिकार नोंदीतून येतो, आकारणी संसदेच्या कायद्यातून होते. आणखी कसला आधार हवा?

इथे अमेरिकेत दुरुस्ती का लागली, तेही बघा. अमेरिकेच्या संविधानात प्रत्यक्ष कर राज्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटण्याची अट आहे. सारख्या लोकसंख्येच्या दोन राज्यांनी सारखीच रक्कम द्यायची. एकाचं उत्पन्न दुसऱ्याच्या निम्मं असेल, तर तिथे कराचा दर दुप्पट. गरीब राज्यच जास्त पिळलं जाणार. 4000 डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर 2 टक्के घेणारा 1894चा कर सर्वोच्च न्यायालयात पोलॉक खटल्यात याच अटीवर 5 विरुद्ध 4 मतांनी पडला. 1913मध्ये 16व्या दुरुस्तीनं ती अट उत्पन्नापुरती काढली. आपल्या संविधानात अशी अट नव्हतीच, मग दुरुस्ती कशाची करायची?

ही दुरुस्तीसुद्धा बनावट म्हणणारे इथे आहेत. 1040 या इथल्या आयकर विवरणपत्रासोबत असले दावे जोडले की 5000 डॉलर दंड बसतो, आणि कोर्ट त्यांना दारात उभं करत नाही. तिकडे मात्र अशांची व्याख्यानं होतात.

'लांब बसून बोलणं सोपं' हे उत्तर येणारच. तिकडच्या घरभाड्यावर टीडीएस कापून घेऊन, दरवर्षी विवरणपत्र भरून बोलतो आहे. सलतं ते वेगळंच. अमेरिका आपल्या नागरिकाकडे तो जगात कुठेही असो, कर मागते. भारत मुख्यतः दिवस मोजतो: 182 भरले नाहीत की साधारणपणे 'अनिवासी', आणि मग इथल्या कमाईशी त्याला देणंघेणं नाही. सवलतच आहे ती. तरी दर जुलैत तो रकाना निवडताना वाटतं, घरच्यांनी हजेरी घेताना आपलं नाव गाळलं.