शुद्धिस्थान, मिस्सा आणि आजीचे पैसे : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

मृत भाविकांच्या दिनानिमित्त, २ नोव्हेंबरला, मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी शांतपणे वाचण्याचा प्रयत्न केला. आपण स्वतःची ओळख जर्मन धर्मसुधारक ल्यूथरच्या परंपरेतला, म्हणजे प्रोटेस्टंट, ख्रिस्ती अशी करून देता आणि तीन गोष्टी म्हणता : शुद्धिस्थान (मृत्यूनंतर, स्वर्गात जाण्याआधी आत्म्याची शुद्धी होते ती अवस्था) बायबलमध्ये नाही, ख्रिस्ताचे बलिदान पुरेसे असताना मृतांसाठी प्रार्थना कशाला, आणि 'तुमच्या आजीने मिस्सांसाठी दिलेले पैसे म्हणजे चर्चने अडाणी माणसांकडून केलेली वसुली'. (मिस्सा म्हणजे ख्रिस्ताचे बलिदान वेदीवर अर्पण करणारी कॅथलिक उपासना; ती एखाद्या मृतासाठी करवून घेताना दान देण्याची रीत आहे.) पहिल्या दोन गोष्टी मतभेदाच्या आहेत आणि मतभेदाचे मला वावडे नाही. तिसऱ्या वाक्याचा सूर मात्र वाद घालणाऱ्याचा नाही. दुसऱ्याच्या घरात शिरून तिथल्या मयताला बोल लावणाऱ्याचा आहे. म्हणून आधी त्याचाच समाचार घेतो.

एक गोष्ट मान्य करतो. सोळाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत पापदंडाच्या माफीपत्रांचा बाजार मांडला गेला होता, आणि १५१७ साली ल्यूथरला आलेली चीड रास्त होती. पण पुढे काय झाले, हे आपण सोयीस्करपणे गाळता. १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या महासभेने, शुद्धिस्थान आहे आणि तेथील आत्म्यांना जिवंतांच्या प्रार्थनांचा, विशेषतः मिस्साबलिदानाचा आधार मिळतो, एवढे ठामपणे सांगितले आणि त्याच ठरावात अंधश्रद्धा व पैशाचा लोभ यांना थारा देऊ नका, असे बिशपांना बजावले. १५६७ साली पोप पाचवे पायस यांनी पैशांशी जोडलेली सारी माफीपत्रे रद्द केली. आजच्या चर्चच्या कायद्याप्रमाणे नाताळ सोडला तर धर्मगुरूने एका दिवसात कितीही मिस्सा केल्या तरी दान एकाच मिस्साचे स्वतःकडे ठेवायचे असते, आणि गरिबांसाठी दान न घेताही मिस्सा करावी, असे त्याला आग्रहाने सांगितलेले आहे. वसुली अशी असते काय?

आता आजीविषयी. वसईत आमच्या वाडीतली केळी आणि भाजी विकून ती घर चालवत असे. तिचा थोरला मुलगा ऐन तारुण्यात गेला. दरवर्षी त्याच्या दिवसाला ती लुगड्याच्या पदराची गाठ सोडून मोजके पैसे काढी, मिस्साच्या वहीत त्याचे नाव घालून घेई, आणि वेदीवरून ते नाव वाचले जाईपर्यंत मान वर करत नसे. एका वर्षी पीक बुडाले तेव्हा फादरांनी तिचे पैसे परत दिले आणि मिस्सा तशीच केली. पुढच्या हंगामात ती न बोलता केळ्यांचा घड त्यांच्या दारात ठेवून आली. हे मी लहानपणी तिच्याबरोबर जाऊन पाहिले आहे. तेव्हाची लॅटिन मिस्सा तिला कळत नव्हती, परंतु ती कोणासाठी चालली आहे हे तिला पुरते कळत होते.

तिला अडाणी म्हणायचे असेल, तर ३८७ साली ओस्तिया बंदरात मृत्युशय्येवर असलेल्या संत मोनिकालाही म्हणा. माझा देह कुठेही पुरा, पण प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच तिने आपल्या मुलाला, पुढे संत झालेल्या ऑगस्टीनला, सांगितले होते. २०३ साली कार्थेजमध्ये हुतात्मा झालेल्या पर्पेतुआलाही म्हणा. चेहऱ्याच्या व्याधीने सातव्या वर्षी गेलेला तिचा भाऊ दिनोक्रातेस तिला तुरुंगात स्वप्नात दिसला : तहानलेला, आणि पाण्याच्या हौदाचा काठ त्याच्या डोक्याहून उंच. ती त्याच्यासाठी रात्रंदिवस रडून प्रार्थना करत राहिली. पुन्हा दिसला तेव्हा काठ त्याच्या बेंबीपर्यंत खाली आला होता, तो मनसोक्त पाणी पीत होता, आणि चेहऱ्यावर जखमेचा नुसता वण उरला होता. त्या काळात ख्रिस्ती माणसाला उघडपणे प्रार्थना करण्याचीही मोकळीक नव्हती. वसुली करणार कोण आणि कोणाकडून?

उरलेल्या मुद्द्यांना फार वेळ देण्याची गरज मला वाटत नाही. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात ज्यू सेनापती यहूदा आपल्या पडलेल्या सैनिकांच्या पापार्पणासाठी २,००० द्राख्मा चांदी यरुशलेमला पाठवतो. ते पुस्तक आपल्या प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही, हा वेगळा वाद आहे. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय तर आपल्याही बायबलमध्ये आहे, आणि तेथे माणूस अग्नीतून बाहेर पडावा तसा तारला जातो. ख्रिस्ताचे बलिदान अर्थातच पुरेसे आहे. शुद्धिस्थानातला आत्मा त्याच बलिदानाने तारलेला असतो, आणि पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ साली काही आधुनिक धर्मपंडितांचे जे मत मांडले, त्यानुसार जाळणारा आणि तारणारा तो अग्नी म्हणजे स्वतः ख्रिस्तच आहे.

ल्यूथरचे निकटचे सहकारी मेलांख्थोन यांनी १५३१ साली मृतांसाठीच्या मिस्सांना विरोध करतानाच, मृतांसाठी प्रार्थना करण्यास आम्ही मनाई करत नाही, असे स्पष्ट लिहून ठेवले आहे. त्यांनी ठेवलेली मुभा आपण कोणत्या आधाराने काढून घेता, ते सवडीने अवश्य लिहा. मी ते छापीन आणि उत्तरही देईन. माझ्या आजीविषयी पुन्हा एक शब्द लिहिलात, तर ती प्रतिक्रिया मात्र येथे राहणार नाही.