'द्वारा' लिहाल तर खबरदार!

ज्यांचे व्यवहार दुसरंच कुणी बघतं अशा खातेदाराला पत्र पाठवायची वेळ आली, तर बँकवाल्यांनो, गांगरून जाऊ नका. मावशीचं मुखत्यारपत्र, म्हणजे तिच्या वतीने व्यवहार करायचा लेखी अधिकार, माझ्या नावे असल्याने या शास्त्राचा माझा फुकटात अभ्यास चालू आहे. त्यातलं थोडं ज्ञान वाटून टाकतो.

आधी मुखत्यारपत्राची साक्षांकित प्रत मागा. मग ती हरवा. मग पुन्हा मागा.

पत्ताबदलाचा अर्ज आला की नुसता पत्ता बदला. पाकिटावर मावशीचं नाव, त्याखाली थेट माझा पत्ता. मधे 'द्वारा अमुक तमुक' अशी ओळ घातलीत तर पत्र पोचण्याचा धोका संभवतो! दारावरच्या पाटीवर मावशीचं नाव नाही, त्यामुळे पोस्टमन 'या नावाची व्यक्ती इथे राहत नाही' असा शेरा मारून पाकीट परत धाडेल. (त्याचं तरी काय चुकलं?) ते परत आलं की 'पत्ता पडताळणी अयशस्वी' म्हणून खातं गोठवा, आणि गोठवल्याचं पत्र पाठवा. कुठे? त्याच पत्त्यावर, तसंच, 'द्वारा'शिवाय! गेल्याच महिन्यात हे झालंय. मावशीला सांभाळणाऱ्या बाईंचा पगार अडकला, तो मी खिशातून दिला आणि काउंटरवर जाऊन उभा राहिलो, तर म्हणे, "सिस्टीममध्ये दुसऱ्या नावाला जागाच नाही." अहो, पत्त्याला तीन ओळी आहेत ना तुमच्या सिस्टीममध्ये? पहिलीत घाला की!

ओटीपी मात्र मावशीच्याच मोबाइलवर पाठवा. तिला आजचा वार आठवत नाही, म्हणजे गोपनीयता आपोआप राहते.

कधीतरी पत्र थेट मुखत्याराच्याच नावे काढा. 'आपली थकबाकी' वाचून त्याला जाग येते.

खातेदार वारला तरी मुखत्यारालाच लिहीत राहा. मुखत्यारपत्र माणसाबरोबरच संपतं, पुढचं वारसांनी किंवा मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने बघायचं असतं, असल्या बारीकसारीक गोष्टींत कोण पडतो?

पुरे झालं. मुखत्यार म्हणजे खातेदार नव्हे, आणि आजारी खातेदार म्हणजे मेलेला खातेदार नव्हे. मावशी जिवंत आहे. पैसे तिचे आहेत. पत्र तिच्या नावाने निघायला हवं आणि माझ्या हातात पडायला हवं. वर तिचं नाव, खाली 'द्वारा' आणि माझं नाव, मग माझा पत्ता. खिडकीचं पाकीट असेल तर कागदाच्या घडीत ती मधली ओळ लपत नाही ना, एवढं चिकटवण्याआधी बघा. तेवढंही होत नसेल, तर पगार कशाचा घेता?