मिथाइलफोलेटच्या गोळीने लिम्फोमा जात नाही

‘लिम्फोमा जनुकं बिघडल्याने होत नाही, मिथाइल कमी पडल्याने होतो. मिथाइलफोलेट आणि बी-१२ घ्या, कॅन्सरची जनुकं बंद होतील, केमो लागणार नाही. आधी एमटीएचएफआर टेस्ट करा.’ हा फॉरवर्ड केमो चालू असलेल्या माझ्या मावशीपर्यंत पोचलाय, म्हणून हे उत्तर. लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर. मिथाइल म्हणजे डीएनएवर बसणारी छोटी रासायनिक खूण, तिने जनुक बंद होऊ शकतं.

सगळ्यात घातक म्हणजे ती गोळी. मेंदूतल्या लिम्फोमात मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध मोठ्या डोसमध्ये देतात. डीएनए बनवायला पेशीला फोलेट हे बी-जीवनसत्त्व लागतं, आणि मेथोट्रेक्सेट त्याचाच वापर अडवतं. साधारण २४ तासांनी ल्युकोव्होरिन, म्हणजे फोलेटचंच तयार रूप, सुरू करून निरोगी पेशी वाचवतात. रक्तातलं मेथोट्रेक्सेट पुरेसं उतरेपर्यंत ते चालू राहतं. सगळं वेळेवर अवलंबून. मिथाइलफोलेटही तयार रूपच आहे. ते आधीपासून अंगात असेल, तर औषधाने लिम्फोमाची कोंडी करायची त्याच तासांत त्याला रसद मिळू शकते. हे आजचं ज्ञान नाही. फोलेट दिल्यावर ल्युकेमिया (ब्लड कॅन्सर) उलट जोर धरतो असं वाटलं, म्हणून अमेरिकी डॉक्टर सिडनी फार्बर फोलेटविरोधी औषधाकडे वळले. १९४८ साली त्यांनी १६ मुलांवरच्या उपचारांचा अहवाल छापला. अमिनोप्टेरिन या फोलेटविरोधी औषधाने १० जणांत सुधारणा दिसली, तात्पुरती का होईना. ते औषध लेडर्ले कंपनीत आपल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने बनवलं होतं.

‘जनुकं बिघडत नाहीत’ हे धादांत खोटं आहे. फॉलिक्युलर या प्रकारच्या लिम्फोमाच्या बहुसंख्य रुग्णांत १४ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत बदलतात, पेशीला मरू न देणारं बीसीएल२ प्रथिन वारेमाप बनतं आणि पेशी वेळेवर मरत नाही. कुठलंही जीवनसत्त्व ते तुकडे जागेवर नेत नाही. ‘मिथाइल कमी पडतं’ म्हणावं, तर अँजिओइम्युनोब्लास्टिक टी-सेल या दुसऱ्या प्रकारच्या लिम्फोमात बहुतेकदा टीईटी२ जनुक बिघडतं. त्याचं काम डीएनएवरचं मिथाइल उतरवण्याचं, म्हणजे तिथे ते साचतं. कॅन्सरच्या पेशीत डीएनएवर एकूण मिथाइल घटलेलं आणि काही ठरावीक जागी वाढलेलं, असं दोन्ही एकदम असतं. गोळी जागा निवडत नाही.

मिथाइलच्या खुणा पुसता येतात, एवढं मात्र खरं. अॅझासायटिडीन हे औषध तेच करतं. पण उलटलेल्या किंवा उपचारांना न जुमानणाऱ्या याच टी-सेल गटात ओरॅकल चाचणीने ते तपासलं, तेव्हा रोग न वाढता गेलेला काळ त्यावर ५.६ महिने, तर डॉक्टरांनी निवडलेल्या इतर औषधांवर २.८ महिने निघाला, आणि तो फरकही आधी ठरवलेल्या सांख्यिकी निकषात बसला नाही. खास औषधाची ही गत.

एमटीएचएफआर हे शरीरात मिथाइलफोलेट बनवायला लागणारं जनुक. त्यातले बदल निरोगी लोकांतही सर्रास सापडतात. लिम्फोमाचे उपचार त्यावर ठरत नाहीत. पैसे वाचवा.

बी-१२ किंवा फोलेटची कमतरता रक्तात सापडली तर डॉक्टर गोळी देतील, कधी घ्यायची तेही सांगतील. घरात बाटली आलीच असेल तर केमोच्या पुढच्या सायकलआधी डॉक्टरांना दाखवा. मेथोट्रेक्सेट असेल तर पेनकिलर, अॅसिडिटीच्या गोळ्या आणि कोट्रायमोक्साझोल या अँटिबायोटिकचंही सांगा. या गोळ्यांनी मेथोट्रेक्सेट अंगात जास्त वेळ रेंगाळू शकतं.