फोटो दुरुस्तीचं सॉफ्टवेअर: बेसिक घेऊ की प्रीमियम?

दर वेळी तेच! आजीचा जुना फोटो स्कॅन केला, दोन तास बसून त्यावरचा एकेक ओरखडा पुसला आणि सेव्ह करताना पाटी आली: 'ही सोय फक्त प्रीमियममध्ये.' अरे, मग आधी सांगायला काय जातं तुमचं? बटण समोर ठेवायचं, काम करू द्यायचं आणि शेवटी दारात अडवायचं! ही फसवणूकच आहे.

तुलनेच्या तक्त्यात हिरव्या टिकांची रांग, पण हवं तेच नेमकं नसतं. बेसिकमध्ये रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ फाइल उघडेल का? १६ बिटमध्ये, म्हणजे रंगांच्या जास्त बारीक छटांत काम होईल का? ८ बिटमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६च छटा. संध्याकाळचं आकाश जरा जास्त उजळलं की पट्टे दिसू लागतात. हे पैसे भरल्यावर कळून काय उपयोग?

आणि प्रीमियम म्हणजे बहुतेकदा भाडंच. फोटोशॉपची एकदाच पैसे भरून कायमची घेता येणारी शेवटची आवृत्ती सीएस६, २०१२ची. त्यानंतर महिन्याच्या हप्त्याची चटक अनेक कंपन्यांना लागली. मी वर्षातून चार फोटो दुरुस्त करते, बारा हप्ते कशाला भरू?

आता गिम्प हे फुकट मिळणारं फोटो-सॉफ्टवेअर शिकतेय. वेळ लागतोय, पण आजीचा फोटो सेव्ह तरी होतो.