बर्फातलं जंगल काळं का राहतं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

सायबेरिया, कॅनडा अशा उत्तरेकडची सूचिपर्णी, म्हणजे सुईसारख्या पानांची, जंगलं वर्षभर किती ऊन शोषतात आणि किती परत पाठवतात, यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन हरकती घेतल्या. बर्फ पडल्यावर जंगलही पांढरंच होणार, मग ते ऊन शोषेल कसं, ही पहिली. दुसरी अशी की, एप्रिलमध्ये लिंबाखाली टेकलेला कोणीही सांगेल की झाड गारवा देतं; 'जंगलामुळे हवा तापते' असं लिहिणं म्हणजे कुऱ्हाडीला धार लावून देणं. आणि तिसरी, सायबेरियाच्या जंगलाचं आम्हाला काय, मृग कधी बरसेल ते सांगा. तळमळीने लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

बर्फाचं आधी. स्प्रूस, पाइन या तिथल्या सूचिपर्णी झाडांच्या फांद्यांवर बर्फ बसतो खरा, पण वाऱ्याने आणि उन्हाने तो बहुधा काही दिवसांत खाली घसरतो. खालची जमीन पांढरीशुभ्र असते, मात्र उत्तरेला सूर्य तिरपा असल्यामुळे किरणं जमिनीपर्यंत पोचण्याआधीच खोडा-सुयांत शिरतात. आपल्याकडे तुऱ्हाट्या रचून ठेवतात तेव्हा एकेक काडी फिक्या रंगाची असूनही रासेतल्या फटी काळ्या दिसतात, कारण आत शिरलेला उजेड काडीवरून काडीवर आपटत तिथेच जिरतो. सुयांच्या गर्दीत हेच होतं. 1990 च्या दशकात कॅनडाच्या सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा प्रांतांत 'बोरिअस' नावाची मोठी मोजणी झाली. बर्फाने झाकलेलं मोकळं गवताळ रान सुमारे 75 टक्के ऊन परत पाठवत होतं, पानं झडलेलं अ‍ॅस्पेनचं जंगल 20 च्या आसपास, आणि स्प्रूसचं जेमतेम 11 टक्के. उन्हाळ्यात स्प्रूस 8-9 टक्क्यांवर उतरतो. म्हणजे भोवतालचं रान ऋतूप्रमाणे पांढरं-हिरवं होत राहतं, आणि हे जंगल बारा महिने जवळपास तेवढंच काळं.

या फरकाने पुढे हवामानाचे अंदाज सुधारले. इंग्लंडमधल्या रेडिंगच्या युरोपीय हवामान केंद्राचं गणित बर्फातलं जंगल 80 टक्के ऊन परतवतं असं धरून चालायचं, आणि वसंतात उत्तरेकडचं तापमान कित्येक अंशांनी कमी सांगायचं. 1996 मध्ये तो आकडा 20 टक्क्यांवर आणला, आणि अंदाज लक्षणीय सुधारले.

वसंत म्हणालो ते मुद्दाम. डिसेंबरात 60 अंश अक्षांशावर भर दुपारी सूर्य क्षितिजापासून 7 अंशही वर येत नाही. परत पाठवायला ऊनच नसतं. मार्च-एप्रिलमध्ये ऊन कडक होतं आणि बर्फ तर अजून असतो. जंगलाच्या काळेपणाचा सगळ्यात मोठा परिणाम तेव्हा दिसतो. त्यात मुळांभोवतीची माती गोठलेली, झाडाला पाणी ओढता येत नाही, म्हणून पानांतून त्याची वाफही होत नाही. शोषलेली उष्णता मग थेट हवेत जाते.

तुमच्या लिंबाचं उत्तर इथेच आहे. लिंबही ऊन शोषतोच. पण एप्रिलमध्ये त्याला नवी पालवी असते, मुळं खोल ओलीपर्यंत गेलेली असतात, आणि 1 लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 24 लाख ज्यूल उष्णता लागते. ती उष्णता हवा तापवण्याऐवजी पाण्यात जाते. सावली आहे ती वेगळीच. म्हणून तुमचा अनुभव शंभर टक्के खरा आहे. मात्र त्याच एप्रिलमध्ये मेळघाटातल्या निष्पर्ण सागवनात उभं राहून बघा. पानं नाहीत, वाफ नाही, सावली नावापुरती. गारवा शोधायला नाल्याकाठच्या जांभळीकडेच जावं लागतं. झाड गार करतं की गरम, हे त्या महिन्यात त्याच्या मुळाशी पाणी आहे का आणि त्याच्याखाली बर्फ आहे का यावर ठरतं.

राहिली कुऱ्हाड. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ रिचर्ड बेट्स यांनी 2000 साली दाखवलं की बर्फाळ प्रदेशात काही ठिकाणी नवी जंगलं लावली तर कार्बन शोषल्याचा फायदा काळेपणामुळे बराचसा पुसला जाऊ शकतो. यावरून तिथलं उभं जंगल तोडा असा अर्थ काढणं मला अजिबात मान्य नाही. त्या जंगलांचा बहुतेक कार्बन खोडांपेक्षा मातीत, दलदलीत आणि गोठलेल्या थरांत साठलेला आहे. तो हवेत गेला की हजारो वर्षांची साठवण गेली. आणि गडचिरोलीच्या जंगलाला तर हा हिशोब लागूच होत नाही, कारण तिथे बर्फ पडत नाही. असा युक्तिवाद कोणी तुमच्या ग्रामसभेत घेऊन आला तर त्याला हेच सांगा.

आता मृग. तारीख मी देऊ शकत नाही, पण उत्तरेचा बर्फ आणि आपला पाऊस यांचं नातं जुनं आहे. भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी 1884 साली लिहिलं की हिमालयात बर्फ जास्त पडला तर पुढचा मान्सून कमजोर राहण्याकडे कल असतो. 1976 मध्ये हान आणि शुक्ला या हवामान संशोधकांना उपग्रहांच्या चित्रांवरून युरेशियाच्या बर्फाबाबतही तसाच कल दिसला. हे नातं दरवर्षी सारखं टिकत नाही, त्याच्या भरवशावर पेरणी करू नका. पण त्या बर्फाचा मोठा भाग लार्च आणि स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या जंगलाखाली असतो, आणि तो किती ऊन परत पाठवतो हे चुकलं तर तिथल्या वसंताचं गणितच चुकतं. कोरडवाहू कपाशीवाल्याने सायबेरियाकडे लक्ष ठेवावं असं मला वाटतं ते यासाठी.