काळ्या जाळीवरून ‘पक्षीमित्र’ यांना उत्तर

पक्षीघर कसं बांधावं आणि त्याची जाळी काळी का रंगवावी, या माझ्या गेल्या लेखाखाली ‘पक्षीमित्र’ या नावाने लिहिणाऱ्यांस,

प्रतिक्रिया वाचली. चारदा वाचली. बायकोनेही वाचली आणि म्हणाली, उत्तर देत बसू नका. तरी देतोय.

आधी चूक कबूल करतो. फिंच या छोट्या पाळीव पक्ष्यांच्या घराला एक इंची भोकांची वेल्डमेश (वेल्ड केलेली तारेची जाळी) चालेल असं मी लिहून गेलो. अर्धा इंचीच हवी, नाहीतर उंदीर आत येतात. दुरुस्ती केली आहे. पण ती सुचवायला ‘एवढंही ज्याला कळत नाही त्याने’ अशी सुरुवात करायची गरज होती का? आमच्याकडे गिऱ्हाईक सुद्धा वाकडं गेट परत आणताना आधी नमस्कार करतं.

आता तुमचं ते वाक्य: “जाळीला काळा रंग देणं ही बघणाऱ्याची सोय, पक्ष्याची नव्हे, वेल्डिंगवाल्याकडून वेगळी अपेक्षाही नव्हती.”

हो, आहे मी वेल्डिंगवाला. सांगली-मिरज रस्त्याला बावीस वर्षं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, जिने केले, आणि शाळा-फार्महाउस धरून चौदा पक्षीघरं. तुम्ही किती बांधलीत, तेवढं कळवा.

चंदेरी जाळी उन्हात चमकते आणि नजर तिच्यावरच अडते. काळी केली की जाळी जणू नाहीशी होते, मागचा पक्षी दिसतो. बघणाऱ्याची सोय, मान्य. पण पक्षी दिसला नाही की बघणारा काय करतो, हे कधी उभं राहून पाहिलंत? जाळी हलवतो, शुकशुक करतो, भडंग फेकतो. एका शाळेत मी पहिल्या वर्षी चंदेरी जाळी तशीच ठेवली होती. मधल्या सुट्टीत पोरं तिच्यावरून पट्टी फिरवायची, खर्रर्र करून, आणि बजी (ते छोटे ऑस्ट्रेलियन पोपट) सगळे मागच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढायचे. मे महिन्यात फक्त समोरची बाजू काळी केली. जूनपासून पट्ट्या जवळजवळ थांबल्या. मग ही सोय नक्की कुणाची झाली?

आणि रंग म्हणजे डबा उघडून फासला, असं तुम्हाला वाटत असेल. नव्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी जाळीवर जस्ताचे थेंब असतात. बजी चोचीने जाळी धरत वर चढतो, ते थेंब सोलतो, आणि जस्त पोटात गेलं की विषबाधा होते. म्हणून आधी व्हिनेगर लावून तारेच्या ब्रशने घासायचं, धुवायचं, मग रंग, आणि तो कडक वाळून वास जाईपर्यंत पक्षी सोडायचे नाहीत. त्या दिवसांत वर्कशॉपला लोणच्याच्या बरणीसारखा वास येतो. पोरं शिव्या घालतात, मलाच.

‘पक्ष्यांविषयी आस्था दिसत नाही’ असंही लिहिलंत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातला आमचा तळमजला बुडाला. कपाटातले कागद खाली राहिले, राळ्याची पिशवी आणि सव्वीस बजी आधी वर नेले. खोलीत सोडले तर सगळे घाबरून खिडकीवर आपटायला लागले. शेवटी बायकोने कोपऱ्यात गोणपाट टांगलं. त्याच्यामागे शिरले आणि गप्प झाले, दाणेही टिपायला लागले. तीन दिवस तसेच. आस्था म्हणजे आणखी काय असतं?

बाकी मुद्दे किरकोळ आहेत. १९७२चा वन्यजीव कायदा मला शिकवू नका, त्याने पाळायला बंदी असलेले आपल्याकडचे पोपट आणि मुनिया लेखात कुठेच नाहीत. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या स्नोडन पक्षीघरात आता माकडं आहेत, हे मलाही ठाऊक आहे. १९६५ साली ते पक्ष्यांसाठीच उघडलं होतं आणि मी लिहिलं होतं ते त्याच्या जाळीच्या ताणाबद्दल. मागची बाजू बंद हवी, लपायला आडोसा हवा, यावर तुम्ही तीन परिच्छेद खर्च केलेत. तो बारीकसारीक तपशील झाला, जागेवर बघून ठरवता येतो.

आणि ‘पक्षीमित्र’ हे नाव आपलं आपण घ्यायचं नसतं, लोकांनी द्यायचं असतं.

वर्कशॉप गुरुवारी बंद असतं. एरवी कधीही या, चहा पाजतो. फक्त खऱ्या नावाने या.