रिस्लेचा 'गैरवापर' कोणी केला?

"मानववंशशास्त्रज्ञांनी माहिती गोळा केली, सत्तेने तिचा गैरवापर केला" हे मानववंशशास्त्र आणि वसाहतवादी सत्ता यांच्या नात्यावरच्या एका लेखातलं वाक्य काही पटलं नाही. निदान हिंदुस्थानात तरी अभ्यासक एकीकडे आणि सरकार दुसरीकडे असा मामला नव्हताच. हर्बर्ट रिस्लेचंच घ्या. नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उच्चनीचता सिद्ध करू पाहणारा हा गृहस्थ मुळात आयसीएस, म्हणजे ब्रिटिश सरकारचा सनदी अधिकारी. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्तही तोच. तिथे त्याने जातींची मानाप्रमाणे उतरंड लावायचा घाट घातला, आणि आमची जात वर घ्या म्हणून सरकारदरबारी अर्जांचा ढीग पडला. पुढे १९०४ मध्ये, अखंड बंगाल ही एक ताकद आहे, तो तोडला की तोंडं वेगवेगळ्या दिशांना होतील, अशा अर्थाचं टिपणही त्याच्याच हातचं. आता यात कोणी कोणाचा गैरवापर केला, सांगा!

आणि अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणाऱ्या गुन्हेगार जमाती कायद्याची (१८७१) त्याच लेखात एका ओळीत बोळवण केलीय, तेही खटकलं. मी सोलापूरचा. इथल्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे या कायद्याखालच्या बंदिस्त वसाहतीत, कैकाडी, पारधी, टकारी कुटुंबं तारेच्या कुंपणाआड ठेवलेली असायची. रोज हजेरी, बाहेर पडायला परवानगी. १९५२ मध्ये कायदा गेला. पण सत्तरच्या दशकात आमच्या वर्गात कुणाची कंपासपेटी हरवली, की मास्तर आधी त्या वस्तीतल्या पोराचं दप्तर उपडं करायचे. बाकीच्यांची दप्तरं तपासायची वेळच यायची नाही.